प्रत्यक्ष पाहणाऱ्याचे नाव

नमुन्यात रकाना क्रमांक सात:
प्रत्यक्ष पाहणाऱ्याचे नाव, वय, सही किंवा अंगठा.
सहापर्यंत मी गाडीच्या सीटवरच भरून ठेवलं होतं.
मौजे आंबेखोल, तालुका शिराळा,
मोरणेच्या डाव्या काठचा आडसाली ऊस,
माणूस आत शिरला तर टोपीसुद्धा दिसत नाही.

डेअरीत, फॅटच्या मशीनपाशी,
सगळ्यांना सगळं माहीत होतं.
दौलत नांगरे म्हणाला, म्हशीएवढा हाय.
म्हशीएवढा बिबट्या नसतो हो, म्हटलं.
मग रेडकाएवढा धरा की.
जणू आम्ही भाव पाडून घेत होतो.
तुम्ही पाहिलात?
म्या कशाला बघतोय, रज्जाकनं बघितला.

रज्जाक मुल्ला रात्री दोनला मोटार चालू करायला जातो,
लाइट तेव्हाच येते.
त्यानं शेपटी सांगितली, गुरगुर सांगितली,
पोटातली कळसुद्धा सांगितली.
मी पेनाचं टोपण काढलं
आणि आवाज खाली आला:
सही करायची आसंल तर मॅडम,
ते आपलं इंदूकाकूच्या जावयाचं बोलणं.

जावई सकाळच्या एसटीनं इस्लामपूरला गेलेला.
काकू भाकरी थापत म्हणाल्या,
कुत्रं नेलं. सुतारांचं. पांढरं.
सुतारांचं पांढरं कुत्रं
मघाशी माझ्या बुटांवर भुंकून गेलं होतं.
तसं सांगितलं,
तर भाकरी उलटत म्हणाल्या,
मग दुसरं आसंल.

दुपार कलेपर्यंत
मी एका जनावराचा माग
माणसांच्या तोंडांतून उलटा काढत गेले.
दरेक उंबऱ्यावर ते थोडं लहान झालं.
पिल्लं गेली, मग ठिपके,
मग डरकाळी,
शेवटी उरलं नुसतं ‘कायतरी’.

ते कायतरी बिरूचं होतं.
ओढ्यापल्याड त्याची मेंढरं बसतात.
बिरूला जन्मापासून वाचा नाही.

त्यानं काठीच्या टोकानं ओल्या मातीत
चार पाय काढले, पाठ, लांब शेपूट.
बघत राहिला.
मग शेपूट तळव्यानं पुसून आखूड केली.
पुन्हा बघितलं.
पाठही पुसली,
आणि दोन्ही हात माझ्यापुढे उघडे धरले,
रिकामे.
अख्ख्या गावात
खाडाखोड करणारा तो एकटाच.

ओढ्यात ठसे होते,
मेंढरांचे, शेकड्यानं, एकावर एक.
तळाशी कुणी चालून गेलं असेल
तर ते आता वाचता येत नव्हतं.
प्लास्टरची पिशवी मी न सोडताच परत बांधली.

परतताना दिवस बुडालेला.
फाट्याजवळ ऊस एका जागी हलला.
वारा नव्हता.
गाडी थांबवून पाच मिनिटं बॅटरी मारली.
पाती. पातींमागे पाती.
मानेवरचा घाम मात्र गार झाला, हे खरं,
पण मानेला रकाना नाही.

फाट्यावरच्या टपरीपाशी रेंज मिळाली.
वनपाल साहेबांना मोजून सांगितलं:
ऊस हलला, वारा नव्हता,
दिसलं काही नाही.
टपरीवाला पोरगा चहा गाळत होता,
गाळणं हातात तसंच धरून.

सकाळी डेअरीत मला खुर्ची दिली.
दौलतनं स्वतःच्या हातानं पुसून.
मॅडम, पिल्लं दोन का तीन?
कसली पिल्लं? कोण म्हणालं?
आता कोण म्हणालं!
तुमीच की.
रज्जाक मान हलवत होता,
इंदूकाकूंनी किटली खाली ठेवून हात जोडले,
साक्षात सरकारनंच बघितलं म्हटल्यावर
आता कुणाला काही विचारायचं उरलं नव्हतं.

मी वही उघडली. रकाना सात.
फॅटच्या मशीनखाली सांडलेलं दूध
सुतारांचं कुत्रं चाटत होतं,
पांढरं,
शेपटीसकट.